चाळीसच्या पुढे हँडल थरथरतं

स्कूटरचं हँडल थरथरायला लागलं तेव्हा पहिला संशय मी माझ्या हातांवर घेतला. पन्नाशी उलटली आहे, रक्तातली साखर काठावर आहे, मानेचा एक मणका अधूनमधून कुरकुरतो. हात कापत असले तर नवल नाही. म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसून दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेले पेले धरले आणि घड्याळ लावून पाच मिनिटं तशीच राहिले. एक थेंब सांडला नाही. हात ठीक होते, म्हणजे दोष गाडीचा.

गाडीबद्दल आधी सांगते. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार आहे आणि चालताना एका हातात कुबडी लागते. माझी गाडी म्हणजे साधी बिनगिअरची स्कूटर, तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्यावर एकेक छोटं चाक जोडलेलं. थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही. मोजायला गेलं तर चाकं चार होतात, पण चेन्नईत तिला सगळे तीनचाकीच म्हणतात आणि मीही म्हणते. लग्न होऊन मिरजेहून इथे आले त्याला पंचवीस वर्षं झाली. ही माझी तिसरी तीनचाकी.

एरवी ही थरथर मी चालवून घेतली असती. ती चाळीसच्या वेगाला सुरू व्हायची आणि वेलचेरीतली आमच्या बँकेची शाखा घरापासून तीन किलोमीटरवर होती. त्या तीन किलोमीटरांत चाळीस गाठायची सहसा वेळच येत नाही. पण त्याच सुमारास मला अधिकारीपदावर बढती मिळाली आणि नेमणूक निघाली सिरुसेरीच्या शाखेत, आयटी पार्कच्या आत. घरापासून वीसेक किलोमीटर. होकार किंवा नकार एका महिन्यात लेखी द्यायचा होता. सिटी बसची पायरी मला उंच पडते. शेअर ऑटोत तिसरा माणूस माझ्या कॅलिपरवर बसतो. नवरा रेल्वेत, त्याची पाळी सकाळी सहाला सुरू होते. स्कूटरनं जायचं, नाहीतर जायचंच नाही, असा सरळ मामला होता.

आमच्या मॅनेजरांनी फार समजूतदारपणे सांगितलं की मॅडम, तुमच्यासाठी सवलत आहे, नकार दिलात तरी कुणी काही म्हणणार नाही. ते खरंच होतं, कुणी काही म्हणणार नव्हतं. मी फक्त आणखी नऊ वर्षं त्याच काउंटरवर बसले असते.

मोठ्या रस्त्याची सवय व्हावी म्हणून मी आठवड्यातून दोनदा बँक सुटल्यावर आयटी पट्ट्याच्या दिशेनं थोडी पुढे जाऊन परत यायला लागले. नेमकी त्याच आठवड्यात गाडीची सर्व्हिसिंगही करून घेतली होती. आणि तेव्हाच हँडल थरथरायला लागलं. सर्व्हिसिंगनंतर आलं म्हणजे सर्व्हिसिंगनं आणलं, हा हिशोब मला इतका सरळ वाटला की पुढचे तीन आठवडे मी त्यातून बाहेरच पडले नाही.

आमचा मेकॅनिक वेलचेरी स्टेशनच्या पलीकडच्या गल्लीत बसतो. पस्तिशीचा असेल, मला अक्का म्हणतो. माझ्या गाडीला जोडचाकांमुळे मधलं स्टँड राहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं चाक उचलायचं तर तो फूटबोर्डाखाली एक लाकडी ठोकळा सरकवतो. त्यानं चाक हवेत फिरवलं, रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक धरलं आणि रिम कुठे त्याला लागते का ते बघितलं. कुठेच लागली नाही. मग समोर बसून चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या धरून पुढेमागे हिसके दिले. खडखड नाही. मग गाडीवर बसून गल्लीतून एक चक्कर मारून आला.

"काही नाही अक्का. लोण्यासारखी चालते."

"चाळीसला नेली होतीस?"

"या गल्लीत चाळीस?" तो म्हणाला, आणि मग जरा समजावणीच्या सुरात, "तुम्हाला कशाला हवं चाळीस?"

मी म्हटलं, ते तू माझ्या बँकेला विचार.

मोठ्या रस्त्यावर नेऊन बघ म्हटलं तर तो टाळाटाळ करायला लागला. कारण नंतर कळलं. ज्याला दोन चाकांची सवय असते त्याला तीनचाकी चालवताच येत नाही. दोन चाकांवर माणूस वळताना नकळत अंग झुकवतो आणि गाडी वळते. ही गाडी झुकत नाही. तिला हँडलनंच वळवावं लागतं, हातगाडी वळवतात तसं. हे मला आमच्या इमारतीच्या आवारातच बघायला मिळालं. तीस वर्षं मोटरसायकल चालवलेल्या माझ्या नवऱ्यानं मोठ्या आत्मविश्वासानं "आण इकडे, मी सांगतो काय झालंय ते" म्हणून किल्ली घेतली, वळणावर सवयीनं अंग डावीकडे टाकलं, आणि गाडी सरळ जाऊन वॉचमनच्या खुर्चीवर धडकली. वॉचमन चहाला गेला होता म्हणून बरं.

नवरा उतरला, खुर्ची उभी केली, आणि म्हणाला, "ही गाडी नाही, ढकलगाडा आहे. अगं, राहू दे ना ते सिरुसेरी. इथे काय वाईट आहे?"

"काउंटरवर तुम्ही बसता का?" मी विचारलं. 

म्हणजे परिस्थिती अशी की दुरुस्त करणाऱ्याला चालवता येत नव्हती आणि चालवणारीला दुरुस्त करता येत नव्हती. मेकॅनिक प्रत्येक वेळी मला स्टुलावर बसवायचा, तुम्ही कशाला त्रास घेता म्हणायचा, आणि स्वतः वीसच्या वेगानं गल्लीत फिरून यायचा. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. वीस वर्षं मी लोकांना हेच शिकवत आले आहे की माझी गाडी तुम्ही आणून द्या, मी बसते.

तरी तो मेहनती. पुढच्या खेपेला त्यानं हँडलच्या दांड्याखालचा बेअरिंगचा संच, ज्याला ते लोक कोनसेट म्हणतात, तो आवळून दिला. त्याचा परिणाम असा की हँडल गंजलेल्या नळासारखं झालं. आधी हलेना, आणि हललं की नको तितकं वळे. दोन दिवस मी रस्त्यावरून नागमोडी गेले. शेअर ऑटोवाले मला बघून आधीच बाजूला व्हायला लागले, तेवढा एक फायदा झाला. मग कोनसेट परत ढिला केला. थरथर होती तिथेच.

मग त्याचं लक्ष टायरकडे गेलं. त्यानं माझा हात धरून पुढच्या टायरवरून फिरवला. डावीकडून टायर नव्यासारखा, उजवीकडून झिजलेला, आणि झीज सपाट नाही, लाटा लाटा उठल्यासारखी. तो म्हणाला, उजवीकडून खाल्लंय, तुम्ही उजवीकडे जास्त वळता. मी घरी जाऊन वळणं मोजली. घर ते बँक, बँक ते घर. जितकी उजवी तितकीच डावी निघाली. जाणारा माणूस परतही येतो, त्यामुळे दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं, पण हे माझ्या लक्षात मोजून झाल्यावर आलं.

नवा टायर बसवला. चार दिवस हँडल गप्प. त्या चार दिवसांत मी होकाराचं पत्र टाईप करून ठेवलं. पाचव्या दिवशी पाऊस झाला आणि थरथर परत आली.

आता मी वही सुरू केली. एका रकान्यात तारीख, मग रस्ता, वेग, पिशवीत किती सामान, पाऊस होता की नाही, आणि शेवटी हँडल कसं होतं. बँकेत इतकी वर्षं घालवलेल्या बाईला वाटतं की चार रकाने आखले की कुठलाही घोळ उलगडतो. ऑक्टोबर संपत आला होता, पाऊस एक दिवसाआड येत होता. दहा दिवसांनी वहीत एक गोष्ट दिसायला लागली. पाऊस पडून गेला की थरथर, कोरडा दिवस असला की नाही. एकाच रस्त्यावर, तपासायला म्हणून मुद्दाम गाठलेल्या त्याच चाळीसच्या वेगाला. वेलचेरीत तासभर पाऊस झाला तरी रस्त्याच्या दोन्ही कडांना घोटाभर पाणी साचतं, त्यामुळे मेकॅनिकलाही हे पटलं. बेअरिंगमध्ये पाणी शिरतंय, तो म्हणाला. चाक काढलं, बेअरिंग काढली. आत ठणठणीत कोरडं. तरी नवं ग्रीस भरलं, नवं सील बसवलं. पुढच्या पावसानंतर हँडल पुन्हा थरथरलं.

आणि मग एका लख्ख कोरड्या दिवशीही थरथरलं. त्या दिवशी पावसाळी नाल्याच्या कामासाठी रस्त्याची डावी बाजू खणून ठेवली होती, एवढाच काय तो फरक, पण वहीत खणलेल्या रस्त्याचा रकाना नव्हता, म्हणून तो फरक मी लिहिला नाही. सरावासाठी मोठ्या रस्त्यावर जायची तेव्हा तर पाऊस असो नसो, थरथर ठरलेलीच. वहीकडे बघून मला काहीच कळेना. इतकी वर्षं एक रुपयाचा फरक सापडेपर्यंत मी शाखेतून उठलेले नाही, आणि इथे सगळे आकडे समोर असून बेरीज लागत नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की दृष्ट लागली आहे, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घ्या. इथे नवी गाडी घेतली की करतातच, त्यात विशेष काही नाही. पण माझ्या गाडीला लिंबं तीन लागतील की चार, यावर लिफ्टपाशी बरीच चर्चा झाली. पुरोहिताला फोन करून विचारू या, असंही निघालं. मी एकच लिंबू आणलं आणि पुढच्या चाकाखाली ठेवलं, कारण तक्रार पुढच्याच चाकाची होती. लिंबू चिरडलं. थरथर तशीच.

मुदतीचा शेवटचा आठवडा सुरू झाला. शुक्रवारी पत्र द्यायचं होतं. सोमवारी मेकॅनिकनं हात टेकले. पुढे बदलण्यासारखं आता काही उरलेलं नाही अक्का, तो म्हणाला, मागच्या जोडकामवाल्याकडे जाऊन बघा.

हा एक वेगळाच प्रकार आहे. तीनचाकीचं काम दोन धंद्यांत वाटलेलं आहे. स्कूटरचा मेकॅनिक मागच्या जोडचाकांना हात लावत नाही, ते त्याचं काम नाही. जोडचाकं बसवणारा पुढच्या भागाला हात लावत नाही, ते त्याचं काम नाही. माझ्या तिन्ही गाड्यांना चाकं जोडणारा माणूस गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत बसतो. त्याला मी दोन आठवड्यांपूर्वीच फोन केला होता, तर पुढे थरथरतंय ना, मग माझ्याकडे कशाला, म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथे गेले. साठीच्या पुढचे गृहस्थ, पायात चप्पल नाही, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अम्मा म्हणतात. त्यांनी मागचा दांडा दोन्ही हातांनी हलवून बघितला, एकेक बोल्ट ठोकून बघितला, आणि सांगितलं की मी दिलं होतं तसंच आहे, केसाचाही फरक नाही.

"पुढचं मला विचारू नका," ते म्हणाले.

आता मात्र मी चिडले. "अण्णा, पुढचं त्याचं, मागचं तुमचं. मग मधे बसते ती मी कुणाची?"

ते हसले नाहीत. चष्मा पुसला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि म्हणाले, "चालवून दाखवा. मी मागून येतो."

इतक्या दिवसांत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. मी गाडी काढली. ते त्यांच्या जुन्या मोपेडवर मागे. वसाहतीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलो, मी वेग घेतला, आणि चाळीसला हँडल नेहमीसारखं थरथरायला लागलं. आरशात बघितलं तर अण्णा जोरजोरानं हात हलवत होते. पुढे एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. ते आले, मोपेड लावली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा असा की मीच काहीतरी भलतं करताना सापडले आहे.

"अम्मा, तुम्ही रस्त्याच्या मधून का जाता?"

मी म्हटलं, कडेला जागा असते कुठे? बस थांबलेली, शेअर ऑटो माणसं उतरवतोय, फळांची गाडी, गटाराचं उघडं झाकण.

"माझी सगळी माणसं कडेनंच जातात."

"मी तुमच्या माणसांतली नाही का?"

"तुम्ही चाळीसनं जाता," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

मग ते टपरीसमोर खाली बसले आणि खिशातल्या खडूनं त्यांनी फरशीवर रस्ता काढला. वरून दिसतो तसा नाही. आडवा कापल्यावर दिसेल तसा. मधे फुगीर, दोन्ही कडांना उतरता. इथल्या जुन्या रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढून मधला भाग म्हशीच्या पाठीसारखा झाला आहे. कडेनं जाणारी तीनचाकी त्यामुळे कायम डावीकडे कलते. दोन चाकांची गाडी आपली सरळ उभी राहते, ही राहत नाही, रस्ता कलला की ही कलते. बसणाऱ्याची कंबर दुखते आणि गाडी गटाराकडे ओढते. म्हणून अण्णा डावं जोडचाक बोटाचं अर्धं पेर खाली बसवतात. दांड्याखाली पातळ लोखंडी पट्ट्या घालून. कडेला गाडी अगदी सरळ बसते. इतकी वर्षं ते असंच करत आले होते आणि एकाचीही तक्रार आली नव्हती.

पण सपाट रस्त्यावर, किंवा अशा फुगीर रस्त्याच्या मधोमध, तेच अर्धं पेर गाडीला उजवीकडे कलवतं. गाडी उजवीकडे ओढते, मी नकळत हँडल डावीकडे धरून ठेवते, पुढचा टायर तिरका घासत जातो, आणि चाळीसला थरथरायला लागतो.

मी खडूच्या त्या रेघेकडे बघत राहिले. पाऊस झाला की कडेला पाणी, म्हणजे मी मधून. नाल्यासाठी डावी बाजू खणलेली, म्हणजे मी मधून. सराव मोठ्या सपाट रस्त्यावर. नव्या टायरचे चार दिवस कोरडे होते आणि मी कडेनं गेले होते. टायर उजवीकडून झिजला होता. सगळं वहीत होतं, फक्त मी रस्त्यावर नेमकी कुठे होते तो रकाना नव्हता. बिचाऱ्या सर्व्हिसिंगचा काही संबंधच नव्हता.

रागवावं तर कुणावर, हे मला कळेना. अण्णांनी चूक केली नव्हती. या गाड्यांवर इतकी वर्षं माझी कंबर दुखली नाही ती त्यांच्या त्या पट्ट्यांमुळेच, आणि ते मला माहीतही नव्हतं. आभार मानावेत तर महिना वाया गेला होता. मी विचारलं, कुणाला मधून जायचं असतं का कधी?

"कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

त्यांनी खडू खिशात टाकला. "नाही," ते म्हणाले. मग उठले. "एक काय ते सांगा. कडेसाठी ठेवू, की मधल्यासाठी करू? दोन्ही होणार नाही."

अर्धं अर्धं होईल का, असं मी विचारून बघितलं. अर्धं केलं तर दोन्हीकडे थोडं थोडं ओढेल, ते म्हणाले, आणि मग तुम्ही परत मलाच शिव्या द्याल. शिवाय त्यांनी बजावलं की एकदा सपाट केली की तुमच्या गल्ल्यांमधून गाडी डावीकडे पडल्यासारखी वाटेल, मग म्हणू नका.

मला वाटलं होतं मी लगेच उत्तर देईन. तसं झालं नाही. टपरीवाल्यानं दिलेला चहा संपेपर्यंत मी बसून होते. वेलचेरीतलं घर, बाजार, दवाखाना, देऊळ, सगळं कडेनं जायचं. तिथे मी रोज जाते. सिरुसेरीची शाखा मी अजून बघितलीही नव्हती. तिथे जमेल की नाही, तिथली माणसं कशी, संध्याकाळी त्या रस्त्यावर किती वेळ अडकेन, यातलं काहीच माहीत नव्हतं. जे माहीत आहे ते बिघडवून जे माहीत नाही त्यासाठी गाडी बांधून घ्यायची, हे माझ्या स्वभावात बसत नाही. मी पेला ठेवला आणि म्हटलं, मधल्यासाठी करा. म्हणून झाल्यावरही मला खात्री वाटत नव्हती.

वसाहतीत परत जाऊन अण्णांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही जोडचाकांच्या आसांना लावली, दोन्हीकडची पाण्याची पातळी बघितली, डावीकडच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि प्रत्येक पट्टीनंतर पुन्हा पाणी बघितलं. त्या पट्ट्या त्यांनी एका कापडात बांधून माझ्या डिकीत ठेवल्या. लागल्या तर आणा, म्हणाले.

घरी येताना व्हायचं तेच झालं. वेलचेरीच्या आतल्या गल्लीत शिरले तशी गाडी डावीकडे ओढायला लागली. एका लावलेल्या मोटरसायकलला घासता घासता वाचले. आवारात शिरेपर्यंत घाम फुटला होता. वर येऊन नवऱ्याला सांगितलं की दुरुस्त झाली. 

गुरुवारी पुन्हा रजा काढली आणि सकाळी सिरुसेरीला निघाले. डाव्या कडेला कंपन्यांच्या बसेस एकामागे एक उभ्या, उजवीकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे, मधल्या पट्ट्यात मी. पस्तीस. चाळीस. मी हँडल घट्ट धरलं होतं, ते सैल सोडून बघितलं. बेचाळीस. हँडल गप्प होतं. मला खरं वाटेना, म्हणून मी वेग कमी करून पुन्हा चाळीसला आणली. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून बाजूनं गेला आणि जाताना काहीतरी बोलला. पंचेचाळीसला एकदा हँडल हललं, पण तिथे रस्त्यावर लोखंडी पत्रे टाकलेले होते. पत्र्यांमुळे असेल. असं मी ठरवलं.

आयटी पार्कच्या दारात वेगळीच अडचण. दुचाकींसाठीच्या अरुंद वाटेतून माझी जोडचाकं जाईनात. गार्डनं मला मागे घ्यायला लावलं, मग गाड्यांच्या रांगेत उभं केलं, आणि रजिस्टर उघडून विचारात पडला.

"अम्मा, काय लिहू? दुचाकी, ऑटो, की कार?"

"बँक लिही," मी म्हटलं. "सोमवारपासून रोज येणार आहे."

हे मी त्याला का सांगितलं कुणास ठाऊक. अजून पत्र दिलं नव्हतं. शाखा बाहेरून बघितली, उतार आहे का, कठडा आहे का ते बघितलं. उतार होता, कठडा नव्हता. परतले.

शुक्रवारी मॅनेजरांच्या टेबलावर होकाराचं पत्र ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं की रोजच्या येण्याजाण्याचा नीट विचार केलात ना. मी म्हटलं, केला. त्यांनी सही केली.

आता सिरुसेरीला जाऊन पाच महिने होतील. गल्लीत गाडी अजून डावीकडे ओढते. मी तिथून दहाच्या वेगानं जाते आणि मागच्यांना हॉर्न वाजवू देते. मोठ्या रस्त्यावर पन्नासच्या पुढे हँडल अजून थोडं थरथरतं. मेकॅनिक म्हणतो मागून येतंय, अण्णा म्हणतात पुढून येतंय, आणि मला यातलं काहीच कळलेलं नाही. मी अठ्ठेचाळीसनं जाते. दहाला शाखेचं दार ग्राहकांसाठी उघडतं तेव्हा मी आत असते.